नवव्या गाण्याची झील

“मग तुम्हीच सांगा तात्या, यात कमी काय आहे?”

म्हाकूतात्यांनी कानांवरचा हेडफोन दोन्ही हातांनी उतरवला, समोर घोंगड्यावर ठेवला आणि पटक्याखालचे कान चोळले.

गाणं तीनदा ऐकून झालं होतं. तिन्ही वेळा म्हातारा शेवटपर्यंत हलला नव्हता.

“सुरात काही?”

“न्हाई.”

“ताल?”

“ताल लई हाय.”

पुष्कर हसला. मग यात हसण्यासारखं काही नसावं असं त्याच्या लक्षात आलं.

“मग?”

“हिला झील कुटं हाय?”

झील म्हणजे ओवीची मागची बाजू. धनगरी ओवीत एक जण पुढे गातो, आणि ओळ संपता संपता तिचं टोक दुसरा मागून उचलतो. तेवढ्या वेळात पुढच्याला दम खायला मिळतो. हे पुष्करला कुणी नव्याने सांगायची गरज नव्हती. माणदेशातल्या या माळावर, याच घोंगड्यावर बसून त्याने तीन हिवाळे काढले होते. गरज नव्हती, म्हणजे त्याला तसं वाटत होतं.

“आहे की झील,” तो म्हणाला. “एक नाही, आठ आहेत.”

त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर एकाखाली एक आठ हिरवे पट्टे होते.

“ही आट मानसं कोन?”

“मीच. आठ वेळा गायलो आणि एकावर एक ठेवलं. भरदार वाटतं.”

तात्यांनी पट्ट्यांकडे नीट पाहिलं. मेंढरं मोजावीत तसं बोट फिरवत पाहिलं.

“आट जन,” ते म्हणाले. “आन आयकनारा एक बी न्हाई.”

पुष्करला राग आला. पण राग घेऊन परत पुण्याला जायची त्याची तयारी नव्हती. नऊ गाण्यांचा अल्बम होता. आठ तयार होती. हे नववं.

बँडचं नाव ‘अर्धा कोस’. त्यांना ना कंपनी, ना मालक. एका फ्लॅटच्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून केलेला स्टुडिओ, आणि बाहेर कुकरची शिट्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून गायचं. दोन वर्षं असं चाललं होतं. लोक वाट बघत होते, थोडे होते पण खरोखर बघत होते. बँडमधले बाकी दोघे म्हणाले, नववं सोडून दे, आठांचा काढू. पुष्करने ऐकलं नाही. बाकीची आठ गाणी नसती तरी चाललं असतं, हे नसतं तर अल्बमच नको होता.

कारण हे गाणं त्याने आणि त्याच्या मित्राने, दिगूने, हॉस्टेलच्या गच्चीवर केलं होतं. तेव्हा बँड नव्हता, नाव नव्हतं. पलीकडल्या माळाला कोण हाक देतं रं… अशी पहिली ओळ होती. ती पुष्कर म्हणायचा, आणि दिगू मागून उचलायचा, हाक देतं रं…

“दिगा कुटं हाय?” तात्यांनी विचारलं.

“कामात आहे.”

तात्यांनी मान हलवली. खोटं बोलणाऱ्याकडे त्यांनी फार वेळ पाहिलं नाही. तेवढी सवलत ते सगळ्यांना देत.

“तात्या, एक मागायचं होतं.”

“माग.”

“या गाण्याला तुम्ही झील द्या. माईक आणलाय. इथेच बसून होईल, पाच मिनिटांचं काम.”

तात्या पहिल्यांदाच हसले. वर दोन दात होते, ते दिसले.

“मी? आरं, बेचाळीस वरसं म्या फुडं गायलो. मला कुटली झील येती?”

“तुम्हाला येत नाही असं कसं होईल? झील तर सोपी असते. शेवटचे दोन शब्द तर म्हणायचे.”

चुलीपाशी तात्यांची बायको हौसाकाकू पीठ मळत होत्या. त्यांचे हात थांबले.

पुष्करने जीभ चावली. बेचाळीस वर्षं तात्यांच्या मागे झील दिली ती सिदाप्पाने, आणि सिदाप्पा म्हणजे काकूंचा थोरला भाऊ. गेल्या श्रावणात तो गेला. फोन आला तेव्हा पुष्कर स्टुडिओत होता. रेकॉर्डिंग उरकलं की येतो, असं तो म्हणाला होता.

रेकॉर्डिंग अजून उरकलं नव्हतं.

“तसं म्हणायचं नव्हतं मला, काकू.”

काकूंनी पिठावर पाणी शिंपडलं आणि पुन्हा मळायला घेतलं.

बराच वेळ नुसता पीठ मळल्याचा आवाज येत राहिला. वस्ती तशीही रिकामीच होती. माघ लागला होता, पोरं मेंढरं घेऊन खाली पाण्याच्या मुलखात गेली होती. मागे ही दोन म्हातारी माणसं, चार शेरडं आणि एक कुत्रं.

“सांजच्याला बसतो मी गायला,” तात्या म्हणाले. “तू बी बस मागं. त्ये मिशीन तेवडं मिटून ठेव.”

---

तसं पुष्कर हा शहाणा शिष्य होता. तीन हिवाळ्यांत त्याने पन्नासेक ओव्या वहीत उतरवून घेतल्या, चालीसकट पाठ केल्या, आणि तात्यांची कानावर हात ठेवायची लकबसुद्धा उचलली.

दिगू त्याच्याबरोबरच यायचा. तात्यांनी पुष्करला घेतलं, आणि दिगू आपोआप सिदाप्पाच्या वाट्याला गेला. सिदाप्पाने त्याला पहिला हिवाळा काहीच शिकवलं नाही. नुसता जवळ बसवला. पुष्कर त्यावरून दिगूला फार चिडवायचा. मी पन्नास शिकलो, तू काय शिकलास? दिगू म्हणायचा, बसायला शिकलो.

एकदा पुष्करने सिदाप्पालाच विचारलं होतं, “मामा, तुमची झील नेहमी जराशी मागे का पडते? तात्यांची ओळ संपते, आणि मग एक क्षण काहीच नसतं.”

सिदाप्पाने तंबाखू मळता मळता सांगितलं होतं, “आदी आयकावं लागतंय न्हवं.”

पुष्करला ते गमतीदार वाटलं होतं. चार मित्रांत त्याने ते सांगितलंही होतं. मग तो विसरून गेला.

---

सूर्य टेकडीला लागला तेव्हा तात्यांनी घोंगडं बाहेर अंगणात अंथरलं. अंथरून त्याची डावी बाजू हाताने साफ केली आणि स्वतः उजव्या बाजूला बसले.

पुष्कर डावीकडे बसायला गेला.

“मागं,” तात्या म्हणाले.

तो मागे मातीत बसला.

तात्यांनी कानावर हात ठेवला. आवाज आता पूर्वीचा राहिला नव्हता. वर चढताना फाटत होता. पण ओळ जागच्या जागी पडत होती. बिरोबाचं नाव घेऊन झालं, आणि त्यांनी ओवी सुरू केली.

डोंगराच्या अंगाला, मेंढी निघाली एकली…

आणि ते थांबले.

चुलीपाशी काकू भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाजही थांबला.

काही नाही. वारा होता. शेरडाच्या गळ्यातली घंटी एकदा वाजली.

मग तात्यांनी पुढची ओळ घेतली, आणि भाकरीचा थप् थप् आवाज पुन्हा सुरू झाला.

पाण्याच्या वासाला, तिनं सोडली सावली…

पुन्हा थांबले. काकूही थांबल्या.

पुष्करच्या अंगावर काटा आला. आणि खरं ते सांगितलं पाहिजे, काटा आल्याबरोबर त्याच्या मनात आलं की हे अल्बममध्ये फार सुंदर वाटेल. ओळ, शांतता, भाकरीचा आवाज. मिशीन मिटून ठेवल्याचं त्याला वाईट वाटलं.

तिसऱ्या ओळीला त्याने मोजलं. शांतता सहा आकड्यांची होती. चौथ्या ओळीला नऊ. पाचवीला पुन्हा सहा, की सात? हिशोब लागेना. म्हाताऱ्याचा दम कमी पडतोय, असं त्याने ठरवून टाकलं.

पण सहाव्या ओळीनंतर ती शांतता त्याला सोसेना. समोर तात्यांची पाठ होती, वाकलेली, कशाची तरी वाट बघणारी. मान किंचित डावीकडे झुकलेली. पुष्करला त्यांची दया आली. दिगूची आठवण आली. पाच महिने ज्याचं नाव त्याने बँडमध्ये कुणाला काढू दिलं नव्हतं, त्याची फार फार आठवण आली.

सातवी ओळ संपली, आणि पुष्करने झील दिली.

चांगली दिली. सुरात, नेमकी, एक क्षणही उशीर न करता.

तात्या गायचे थांबले.

काकूंनी हातातली भाकरी परातीत ठेवून दिली.

कुत्रं उठून उभं राहिलं आणि पुष्करकडे बघू लागलं.

तात्या वळले नाहीत. त्यांनी डाव्या हाताने शेजारचं रिकामं घोंगडं चाचपलं. मग तो हात तिथेच राहू दिला.

“पुष्कर.”

“तात्या…”

“तुला कुनी सांगितलं, हितं कुनी न्हाई म्हनून?”

…

दिवस मावळला. काकूंनी दारात कंदील आणून ठेवला आणि कुणाला काही न म्हणता पुन्हा चुलीशी जाऊन बसल्या.

“दिगा बी बसला व्हता तितं,” तात्या म्हणाले. “तू बसलाईस तितंच.”

“दिगू? कधी?”

“सिदाच्या धाव्या दिसाला आल्ता की.”

श्रावणात दिगू म्हणाला होता, दोन दिवस घरी जाऊन येतो. पुष्करने घड्याळ बघत बरं म्हटलं होतं. घरी काय आहे, एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

“म्या असाच गायलो त्या दिशी,” तात्या सांगत होते. “त्याला येत व्हती झील. सिदानं दिली व्हती त्याला समदी. पर त्यानं काय तोंड उगाडलं न्हाई. रडला. रडून झाल्यावर घोंगडं झटाकलं, घडी घातली आन गेला.”

पुष्करने खाली मातीकडे पाहिलं.

“तिथून आला आणि त्याने पहिलं हेच गाणं गायलं,” तो म्हणाला. “आमच्याकडे, स्टुडिओत.”

“मंग?”

“उशिरा गायला. प्रत्येक ओळीला उशिरा. आम्ही कानात एक टकटक लावून गातो तात्या, त्या टकटकीबरोबर सगळ्यांनी यायचं असतं. तो येत नव्हता. मी तीनदा सांगितलं. मग मी…”

“मंग तू काय क्येलंस?”

“त्याचा आवाज मशिनमध्ये धरला आणि पुढे ओढला. प्रत्येक ठिकाणी. टकटकीला चिकटवून टाकला.”

तात्यांना हे किती कळलं कुणास ठाऊक. पण धरून ओढणं म्हणजे काय, ते मेंढरं राखलेल्या माणसाला कळत असणार.

“आन त्यो?”

“त्याने ऐकलं. हेडफोन काढला. वायर नीट गुंडाळून ठेवली. म्हणाला, बरोबर झालंय, पण मी असा गात नाही. आणि गेला.”

“तू गेलास मागं?”

पुष्करने नकारार्थी मान हलवली. आपण बरोबर आहोत या भरवशावर माणूस किती महिने घरात बसू शकतो, ते त्यालाही एव्हाना समजलं होतं.

“त्याचं पयलं गायलेलं हाय का पुसलंस?”

“आहे. मी काहीच पुसलेलं नाही. नुसतं बंद करून ठेवलंय.”

“लाव.”

त्याने लॅपटॉप उघडला. हेडफोनची वायर काढली. आठ हिरवे पट्टे बंद केले, आणि अगदी तळाला लपवलेला एक पट्टा उघडला.

पलीकडल्या माळाला, कोण हाक देतं रं… हा त्याचा स्वतःचा आवाज. ताठ, तयार.

मग काही नाही. एक क्षण.

आणि त्यानंतर दिगू.

हाक देतं रं…

आवाज मोठा नव्हता. पुढच्याची ओळ आधी पूर्ण कानात घेऊन, ती पटल्यावर मग उचललेली. पुष्करने ही झील शंभर वेळा ऐकली होती आणि शंभरही वेळा तिच्यातला उशीर मोजला होता. आज पहिल्यांदा त्याला दिसलं की तेवढ्या वेळात दिगू आपलं गाणं ऐकत होता. आयुष्यात इतकं मन लावून त्याचं कुणीच ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या ओळीला काकू उठून आल्या. हाताला पीठ तसंच होतं. त्या लॅपटॉपच्या समोर खाली बसल्या.

“म्हाकू,” त्या म्हणाल्या. चाळीस वर्षांत कुणी त्यांना नवऱ्याचं नाव घेताना ऐकलं नसेल. “ह्यो दादाचा दम हाय. दादा असाच यायचा.”

तात्यांनी मान हलवली. त्यांचे डोळे मिटलेले होते.

काकूंनी पिठाचं बोट पुढे केलं आणि पडद्यावरच्या त्या एकट्या पट्ट्याला लांबूनच दाखवत विचारलं, “आन हेच तू सरळ केलंस व्हय?”

पुष्कर रडला. मोठा माणूस रडतो तसा, आवाज न करता आणि नाक ओढत. कुणी त्याला गप्प केलं नाही. काकू पदराने डोळे टिपून भाकऱ्यांकडे गेल्या, कारण तव्यावरची करपायला लागली होती.

---

जेवणं झाली. पुष्करने पुन्हा लॅपटॉप मांडीवर घेतला.

“तात्या, दिगूचं पहिलं गायलेलंच ठेवतो. जसं आहे तसं.”

“त्याला इचारलंस?”

“फोन उचलत नाही तो.”

“मंग त्याचं गानं तू कसं ठेवनार?”

“मग मी काय करू? बाकी दोघे थांबायला तयार नाहीत. पुढच्या महिन्यात अल्बम बाहेर काढायचा म्हणतात.”

“काडा की.”

“आणि हे गाणं?”

“तू तुजं गा. मंग थांब.”

पुष्करने त्यांच्याकडे पाहिलं. तात्या घोंगडं आवरत नव्हते. डाव्या बाजूची दुमडलेली कड त्यांनी हाताने सरळ केली.

त्याने पहिला हिरवा पट्टा पुसला. मग दुसरा. आठही पुसून झाले तेव्हा पडद्यावर त्याचा एकट्याचा आवाज उरला, प्रत्येक ओळीनंतर तुटलेला. तळाला दिगूचा पट्टा होता. त्याला त्याने हात लावला नाही.

त्याने खिशातून फोन काढला. दिगूचं नाव शोधायला वेळ लागला नाही. घंटी वाजत राहिली, फोन कानाला लावून तो ती शेवटपर्यंत ऐकत बसला. पूर्वी तो दोन घंट्यांत फोन ठेवून द्यायचा.

उचलला नाही.

“दिगू,” त्याने संदेशात लिहिलं, “मी तात्यांकडे आहे. काकूंनी तुझी झील ऐकली.” तेवढंच पाठवलं.

मग तो पुन्हा पडद्याकडे वळला. सवय जाता जात नाही. ओळीनंतरच्या मोकळ्या भागावर त्याने बोट ठेवलं, मागे सरकवलं, पुढे सरकवलं.

“तात्या, एवढं सांगा. दिगूसाठी जागा सोडायची म्हणजे किती सोडू? सहा मोजू की नऊ? मघाशी ओळीनंतरची तुमची शांतता प्रत्येक वेळी वेगळी होत होती.”

तात्यांनी डावीकडच्या रिकाम्या घोंगड्यावर हात ठेवला. माळ अंधारला होता. चुलीपाशी काकूंच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

“मला काय इचारतुस लेका…” तात्या म्हणाले. “माजी अजून संपली न्हाई.”